पुकारा झाला, वादी गैरहजर

दिवाणी न्यायालयात दावा हरणे ही कोणालाही आवडणारी गोष्ट नव्हे. परंतु हरलेल्या माणसाला निदान एवढे तरी समाधान असते की, आपले म्हणणे कोणीतरी ऐकून घेतले, कागदपत्रे पाहिली, साक्षीपुरावा तपासला आणि मगच ते नाकारले. निकालपत्राची नक्कल त्याच्या हाती पडते. ते चुकीचे वाटल्यास वरच्या न्यायालयात अपील करण्याचा मार्ग त्याला मोकळा असतो. याहून वेगळी आणि अधिक दुःखद अशी एक गत आपल्या न्यायालयांत पुष्कळ दाव्यांना प्राप्त होते. दावा दाखल होतो, प्रतिवादीची कैफियत येते, मुद्दे निघतात, तारखांमागून तारखा पडतात आणि एके दिवशी शिपायाने पुकारा केला असता वादी किंवा त्याचा वकील यांपैकी कोणीही पुढे येत नाही. रोजनाम्यात दोन ओळी लिहिल्या जातात : वादी गैरहजर, दावा काढून टाकण्यात येत आहे. वादी खरा की खोटा, जमीन कोणाची, पैसे कोणी बुडविले, यांपैकी कशाचाही निवाडा झालेला नसतो. आणि तरीही त्या हक्कासाठी दाद मागण्याचे दार पुष्कळदा त्या दिवशी कायमचे बंद झालेले असते.

न्यायालयांबद्दल आपल्याकडे जी जाहीर चर्चा चालते ती बहुधा विलंबाची असते, आणि ते स्वाभाविकही आहे. देशातील जिल्हा व तालुका न्यायालयांत आज चार कोटींहून अधिक प्रकरणे पडून आहेत व त्यांतील दिवाणी प्रकरणेच एक कोटीच्या वर आहेत. हे आकडे ऐकल्यावर कोणाही सुजाण नागरिकाला असे वाटेल की, जे वादी आपल्याच दाव्याकडे फिरकत नाहीत त्यांचे दावे खुशाल काढून टाकावेत. ज्याला आपल्या हक्काची चाड नाही त्याच्यासाठी न्यायाधीशाने आणि प्रतिपक्षाने का खोळंबून राहावे? प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर देण्यापूर्वी तीन गोष्टी पाहणे अवश्य आहे : गैरहजेरीचा दोष नेमका कोणाचा, तिचा परिणाम काय झाला हे वादीला कळले केव्हा, आणि त्या दोषाची शिक्षा त्या दोषाच्या मानाने किती मोठी. या तिन्ही बाबतींत आजची व्यवस्था साध्या, न्यायालयापासून दूर राहणाऱ्या, वकिलावर विसंबलेल्या वादीवर अन्याय करणारी आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

कायद्याची चौकट

१९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता आजही आपल्या दिवाणी न्यायालयांचा कारभार चालविते. तिच्या नवव्या आदेशात पक्षकारांच्या हजेरी-गैरहजेरीचे नियम दिलेले आहेत. दोन्ही पक्ष गैरहजर असतील तर न्यायालय दावा काढून टाकू शकते. मात्र अशा वेळी मुदत शिल्लक असल्यास वादीला त्याच कारणासाठी नवा दावा लावता येतो. वादी हजर आणि प्रतिवादी गैरहजर असेल तर काम एकतर्फी चालते. परंतु प्रतिवादी हजर व वादी गैरहजर असा प्रसंग आला की आठवा नियम लागू होतो. प्रतिवादीने मागणी पूर्णतः वा अंशतः कबूल केली नसेल तर दावा काढून टाकावा, असे तो नियम सांगतो. आणि लगेच पुढचा नववा नियम असे बजावतो की, अशा रीतीने निघालेल्या दाव्याच्या वादीला त्याच वादकारणावर पुन्हा दावा आणता येणार नाही.

या दोन प्रसंगांतील फरक लक्षात घेण्याजोगा आहे. वादीचा कसूर दोन्हीकडे सारखाच. तो त्या दिवशी न्यायालयात आला नाही, एवढाच. परंतु प्रतिवादीही घरी राहिला तर वादीला दुसरी संधी मिळते आणि प्रतिवादी येऊन उभा राहिला तर मिळत नाही. वाटपासारख्या काही दाव्यांत न्यायालयांनी अपवाद मानला आहे. मालकी एकत्र आहे तोवर वाटप मागण्याचा हक्क सतत चालू राहतो, असा तो विचार आहे. परंतु उसन्या रकमेची वसुली किंवा विक्रीच्या कराराची पूर्तता अशा नित्याच्या दाव्यांना ही सवलत मिळत नाही.

वादीच्या गैरहजेरीत दावा काढून टाकण्याचा आदेश हा संहितेच्या व्याख्येनुसार हुकूमनामा ठरत नाही. त्यामुळे त्यावर हुकूमनाम्याप्रमाणे अपीलही होत नाही. उपाय उरतो तो त्याच न्यायालयाकडे जाऊन गैरहजेरीचे ‘पुरेसे कारण’ दाखविण्याचा व दावा पुन्हा दप्तरी घ्यावा असा अर्ज करण्याचा. तो अर्ज नाकारला गेला तर त्या नकारावर मात्र अपील करता येते. या अर्जास मुदत आहे तीस दिवसांची. आणि १९६३ च्या मुदतीच्या कायद्यातील १२२ व्या अनुच्छेदाप्रमाणे हे तीस दिवस मोजावयाचे ते दावा निघाल्याच्या तारखेपासून. वादीला ते कळले केव्हा याचा येथे विचार नाही.

त्याच कायद्याचा पुढचा, १२३ वा अनुच्छेद पाहिला म्हणजे यातील विषमता स्पष्ट होते. ज्या प्रतिवादीविरुद्ध एकतर्फी हुकूमनामा झाला, त्याच्यावर समन्सची बजावणी रीतसर झालेली नसेल, तर त्याचे तीस दिवस हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून मोजले जातात. प्रतिवादीला माहितीचा लाभ आहे, वादीला नाही. यावर असे म्हटले जाईल की, वादीने दावा स्वतःच लावलेला असतो, मग त्याला निराळी माहिती ती कशाची हवी? परंतु दावा लावल्याची माहिती असणे निराळे आणि दहा-बारा वर्षांनंतरच्या एखाद्या तारखेस तो निघाल्याची माहिती असणे निराळे. उशीर माफ करण्याचा अधिकार त्याच कायद्याच्या पाचव्या कलमाने न्यायालयाला दिला आहे, हे खरे. परंतु ती माफी मागावी लागते, तिच्यासाठी स्वतंत्र कारण सिद्ध करावे लागते आणि ती मिळेलच असा भरवसा नसतो.

आणखीही एक विसंगती आहे. निघालेला दावा पुन्हा दप्तरी घ्यावयाचा तर प्रतिवादीला त्या अर्जाची नोटीस बजावल्यावाचून तसा आदेश करता येत नाही, असे नववा नियम स्पष्टपणे सांगतो. हे योग्यच आहे. परंतु दावा काढून टाकण्यापूर्वी वादीला तशी नोटीस द्यावी, असे मात्र हे नियम कोठेही सांगत नाहीत.

प्रतिवादीची बाजू

म्हणून हा अधिकारच काढून घ्यावा काय? मुळीच नाही. दावा लावून स्वस्थ बसणारा वादी हा काल्पनिक प्राणी नव्हे. शेजाऱ्याच्या बांधकामाविरुद्ध किंवा भावाच्या शेतविक्रीविरुद्ध तात्पुरता मनाई हुकूम मिळवावयाचा आणि एकदा तो हाती पडला की पुराव्याच्या तारखेस तोंड दाखवावयाचे नाही, ही युक्ती तालुक्याच्या न्यायालयाच्या आवारात वावरणाऱ्या सर्वांना ठाऊक आहे. अशा वादीला निकाल नकोच असतो. चालू असलेला दावा हेच त्याचे शस्त्र असते. ज्या जमिनीवर दावा चालू आहे ती निर्वेधपणे विकता येत नाही, तिच्यावर कर्ज मिळत नाही, तिच्यात कोणी पैसा घालीत नाही. प्रत्येक तारखेस प्रतिवादी एक दिवसाची मजुरी बुडवून किंवा किरकोळ रजा खर्ची घालून येतो आणि पुढची तारीख घेऊन परत जातो. त्याच्यावरील या छळाला कोठेतरी अंत असावयास हवा. न्यायालयाचा वेळ हीही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि ती रिकाम्या खुर्चीसाठी राखून ठेवता येत नाही.

तेव्हा अधिकार हवा, यात शंका नाही. वाद आहे तो तो कोणाविरुद्ध व कशा रीतीने वापरला जावा याचा. ज्या वादीने दावा टाकून दिला आहे तो, आणि ज्याला आपला दावा आज बोर्डावर आहे हेच ठाऊक नाही तो, या दोघांना आठव्या नियमाच्या एकाच मापाने मोजले जाते. त्यांच्यातील फरक पुढे, तीस दिवसांच्या अर्जात कळावयाचा असतो. आणि ज्याला फरक दाखवावयाचा आहे त्याला तर अद्याप काहीच कळलेले नसते.

चूक कोणाची?

दिवाणी दाव्यातील पक्षकाराने प्रत्येक तारखेस स्वतः हजर राहावे अशी कायद्याचीही अपेक्षा नाही. वकीलपत्र देण्याचा अर्थच हा की, आपल्या वतीने वकील हजर राहील. एखाद्या माध्यमिक शाळेतील शिक्षकाने घराच्या व्यवहारात दिलेली इसाऱ्याची रक्कम परत मिळावी म्हणून दावा लावला आहे, असे समजू. शाळा एका तालुक्यात, न्यायालय दुसऱ्या जिल्ह्यात. पहिल्या दोन-चार तारखांना तो जातो. तारखा नुसत्याच पुढे ढकलल्या जात असल्याचे पाहून वकीलच त्याला सांगतात की, तुमच्या साक्षीच्या वेळी कळवू, तोवर येण्याचे कारण नाही. हा सल्ला गैर नाही आणि तो मानणारा शिक्षकही हलगर्जी ठरत नाही. पुढे वकील दुसऱ्या न्यायालयात अडकले, आजारी पडले, त्यांच्या कारकुनाने डायरीत तारीख चुकीची लिहिली किंवा वकील-संघाने त्या दिवशी कामावर बहिष्कार टाकला, की पुकाऱ्याला उत्तर देणारा कोणी नसतो. शिक्षक त्या वेळी वर्गात शिकवीत असतो.

या प्रश्नाला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये, रफिक विरुद्ध मुन्शीलाल या प्रकरणात, सरळ उत्तर दिले. अलाहाबाद उच्च न्यायालयात वकील हजर न राहिल्यामुळे एका पक्षकाराचे अपील निकालात निघाले होते व ते पुन्हा चालवावे ही त्याची विनंतीही फेटाळली गेली होती. न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी दिलेल्या निर्णयाचा आशय असा की, आपल्या पद्धतीत पक्षकाराचे कर्तव्य वकील निवडणे, त्याला माहिती देणे व त्याची फी चुकती करणे एवढेच असते. पुढचे सारे तो विश्वासाने वकिलावर सोपवितो. खेड्यातील माणसाने वकील न्यायालयात जातो की नाही यावर पहारा ठेवावा, अशी अपेक्षा करता येणार नाही. निरपराध पक्षकाराला वकिलाच्या कसुराचे फळ भोगावयास लावणे अन्यायाचे होईल. अपील पुन्हा ऐकण्यास पाठविले गेले आणि खर्चाचा भार गैरहजर राहिलेल्या वकिलावर टाकला गेला.

हाच प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे त्यापूर्वी एकोणीस वर्षे आला होता आणि तेथे त्याला नेमके उलट उत्तर मिळाले होते. इंडियाना राज्यात एका मोटारचालकाची रेल्वेगाडीशी टक्कर झाली व त्याने १९५४ मध्ये वाबाश रेलरोड या कंपनीवर भरपाईचा दावा लावला. सहा वर्षांनी, १२ ऑक्टोबर १९६० रोजी, सुनावणीपूर्व बैठक ठरली होती. वादीच्या वकिलाने त्या दिवशी सकाळी दूरध्वनी करून आपण दुसऱ्या कामात असल्याचे व नंतर येऊ शकत असल्याचे कळविले. न्यायाधीशांनी ठरल्या वेळेनंतर दोन तास वाट पाहिली आणि वादीने दावा चालविला नाही म्हणून तो काढून टाकला. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन अशा मतांनी तो आदेश उचलून धरला. वादीने वकील आपल्या मर्जीने निवडला, तेव्हा त्याच्या कृतीचे व निष्क्रियतेचे परिणामही त्यानेच सोसले पाहिजेत, हे न्यायमूर्ती हार्लन यांच्या बहुमताचे सूत्र. दोषी वकील आणि दंड मात्र निर्दोष अशिलाला, हे न्यायाला सोडून आहे, असा न्यायमूर्ती ब्लॅक यांच्या विरोधी मताचा रोख.

दोन्ही बाजूंना तर्क आहे, हे मान्य केले पाहिजे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही पुढे, १९९३ च्या सलील दत्त प्रकरणात, वकिलाकडे बोट दाखविले म्हणजे पक्षकार दरवेळी सुटतो असा काही सार्वत्रिक नियम नाही, असे बजावले. तेथील पक्षकार अशिक्षित खेडूत नसून एक खाजगी कंपनी होती. म्हणजे कसोटी कोणती? तर त्या पक्षकाराची परिस्थिती, त्याचे शिक्षण, त्याची साधने आणि त्याचे एकंदर वर्तन. ही कसोटी योग्य आहे. अडचण एवढीच की, ती लावली जाते दावा निघून गेल्यावर. आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाण्याचे बळ शेकड्यात एकाच्याही अंगी नसते.

वर गेलेल्यांची कहाणीही काही सुखाची नसते. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिलेले एन. बालकृष्णन यांचे प्रकरण या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. त्यांच्याविरुद्ध एकतर्फी हुकूमनामा झाला होता. तो रद्द व्हावा म्हणून त्यांनी केलेला अर्ज १९९३ मध्ये गैरहजेरीतच निघाला. तो अर्ज पुन्हा दप्तरी घ्यावा म्हणून दुसरा अर्ज करावा लागला व त्याला ८८३ दिवसांचा उशीर झाला होता, कारण वकिलाने त्यांना काही कळविलेच नव्हते. खालच्या न्यायालयाने उशीर माफ केला, उच्च न्यायालयाने ती माफी काढून घेतली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती परत दिली. मूळ वादाचा निवाडा या साऱ्या प्रवासात कोठेच झालेला नव्हता.

त्याच प्रकरणात वकिलाच्या कसुराबद्दल ग्राहक मंचाने बालकृष्णन यांना ५० हजार रुपये भरपाई देवविली होती. आज तो मार्गही उरलेला नाही. वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये दिला. त्या निर्णयाची कारणे काहीही असोत. परिणाम असा की, ज्याचा दावा वकिलाच्या गैरहजेरीत निघाला, त्याने भरपाई मागावयाची ती पुन्हा दिवाणी न्यायालयातच, म्हणजे पुन्हा वकील गाठून, पुन्हा तारखा घेऊन. बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. तीतून वकिलाला शिक्षा होईल, परंतु गेलेला दावा परत येणार नाही. वकिलांना संपाचा हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये हरीश उप्पल प्रकरणात निःसंदिग्धपणे सांगितले आहे. तरीही कामबंदीचे ठराव होत राहतात आणि त्या दिवशीच्या बोर्डावर आपला दावा असला तर आपले काय होणार, ही चिंता अशिलानेच वाहावयाची असते.

आकड्यांचा मोह

एवढ्याने भागत नाही. दावा काढून टाकला म्हणजे तो ‘निकालात निघालेल्या’ प्रकरणांच्या आकड्यात जमा होतो. तुंबलेल्या कामाचा डोंगर कमी करण्याचा ताण ज्या न्यायाधीशावर आहे, त्याच्या दृष्टीने चार महिने साक्षी नोंदवून, शंभर कागद वाचून, चाळीस पानी निकालपत्र लिहून संपविलेला दावा आणि पुकाऱ्यानंतर दोन ओळींत संपविलेला दावा हे दोन्ही शिल्लक एकेकानेच कमी करतात. न्यायाधीशांच्या सचोटीविषयी शंका घेण्याचे येथे प्रयोजन नाही. बहुतेक न्यायाधीश संध्याकाळपर्यंत वाट पाहतात, पुन्हा पुकारा करवितात, पुढची तारीखही देतात. प्रश्न पद्धतीचा आहे. ज्या पद्धतीत विलंबाचे मोजमाप शिल्लक प्रकरणांच्या संख्येनेच होते, त्या पद्धतीत न ऐकता संपलेला दावा हेही यशच गणले जाते.

कायद्याचा कलही गेल्या काही दशकांत घाईकडे राहिला आहे. १ जुलै २००२ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने दाव्याच्या सुनावणीत एका पक्षकाराला तीनपेक्षा अधिक तहकुब्या देऊ नयेत, असे बंधन घातले. २००५ मध्ये सेलम वकील-संघाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला खुलासा करावा लागला की, अपरिहार्य कारण असेल तर तीन तहकुब्यांनंतरही न्यायालयाचे हात बांधलेले नाहीत. शिस्तीची गरज कोणीच नाकारीत नाही. परंतु न्यायालयाला स्वतःला सवड नाही म्हणून वीस तारखा पडलेल्या दाव्यात वादी एकविसाव्या तारखेस चुकला, तर आधीच्या वीस तारखांचा दोष कोणाच्या खाती मांडावयाचा? विलंबाने थकलेल्या माणसालाच विलंबाबद्दल शिक्षा होते, ही या व्यवस्थेतील सर्वांत बोचणारी गोष्ट आहे.

१९५५ मध्येच, संग्राम सिंग प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने या बाबतीतील मूलतत्त्व सांगून ठेवले आहे. एका तारखेस हजर न राहिलेल्या पक्षकाराला पुढील कामात भाग घेऊ द्यावा की नाही, असा तेथे प्रश्न होता. पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेले व्हिव्हियन बोस यांनी तेथे प्रतिपादिले की, प्रक्रियेचे नियम हे न्यायाचे काम सुलभ व्हावे म्हणून केलेले असतात. ते दंडसंहितेसारखे शिक्षेसाठी नसतात. कोणालाही न ऐकता दोषी ठरवू नये, हा त्यामागील पाया. या तत्त्वाला आज सत्तर वर्षे होऊन गेली. तालुक्याच्या न्यायालयातील रोजनाम्यापर्यंत ते पोहोचविण्याचे काम अद्याप बाकी आहे.

काय करता येईल?

सर्वांत पहिली आणि सर्वांत सोपी सुधारणा म्हणजे दावा काढून टाकण्यापूर्वी खुद्द वादीला सूचना देणे. वादीचा पत्ता दाव्यातच असतो. आता भ्रमणध्वनी क्रमांकही नोंदविला जातो. पहिल्या गैरहजेरीस दावा न काढता, पुढची एक तारीख नेमून, त्या तारखेस आपण वा आपला वकील हजर न राहिल्यास दावा निघेल, असा साध्या मराठीतील मजकूर वादीच्या पत्त्यावर टपालाने व भ्रमणध्वनीवर संदेशाने धाडावा. महाराष्ट्रात जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. तेव्हा हा मजकूर वादीला समजेल अशा भाषेत असण्यास अडचण नाही. त्यानंतरही जो येत नाही, त्याच्या दाव्याबद्दल हळहळण्याचे कारण उरणार नाही आणि प्रतिवादीलाही एका तारखेपेक्षा अधिक थांबावे लागणार नाही.

यासाठी संसदेकडे जाण्याचीही गरज नाही. संहितेच्या १२२ व्या कलमाने उच्च न्यायालयांना आपल्या अधिकारक्षेत्रापुरते प्रक्रियेचे नियम बदलण्याचा व वाढविण्याचा अधिकार दिलेला आहे. मुंबई उच्च न्यायालयाने मनावर घेतले तर महाराष्ट्र व गोवा येथील सर्व दिवाणी न्यायालयांत ही पद्धत सुरू होऊ शकेल. नियम होईपर्यंतही न्यायाधीशांना वाव आहेच. तहकूब तारखेस पक्षकार गैरहजर राहिल्यास दावा काढण्याऐवजी योग्य वाटेल तो अन्य आदेश करण्याची मुभा सतराव्या आदेशाच्या दुसऱ्या नियमात आहे. ती वापरावयाची एवढेच.

दुसरी सुधारणा आदेशाच्या मजकुराची. वादी गैरहजर, दावा काढला, एवढ्यावर न थांबता, पूर्वी वादीमुळे किती तारखा गेल्या, न्यायालयाच्या अडचणीमुळे किती गेल्या, वकिलाची गैरहजेरी कळविली गेली होती काय, हे चार ओळींत नोंदवावे. जो आदेश वादीला आयुष्यभर बांधतो, त्याला चार ओळींची कारणे असावीत, ही मागणी अवाजवी नाही. तिसरी सुधारणा खर्चाची. वकिलाचा कसूर दिसत असेल तर दावा पुन्हा दप्तरी घेताना प्रतिवादीच्या फेऱ्यांचा खर्च वकिलाकडून देववावा. रफिक प्रकरणात हे घडले. ते अपवाद न राहता प्रघात व्हावा. चौथी गोष्ट आकड्यांची. गैरहजेरीत निघालेले दावे प्रत्येक न्यायालयाने निराळे मोजून प्रसिद्ध करावेत व त्यांतील किती पुन्हा दप्तरी आले हेही सांगावे. म्हणजे न्याय किती झाला आणि नुसती शिल्लक किती घटली, हे लोकांना समजेल. पाचवी सुधारणा मात्र संसदेनेच करावयाची आहे : १२२ व्या अनुच्छेदातील तीस दिवस, वादीला सूचना मिळालेली नसेल तर, माहिती झाल्याच्या दिवसापासून मोजावेत. प्रतिवादीला जे दिले आहे तेच वादीला द्यावयाचे आहे, अधिक काही नाही.

पक्षकारानेही सर्व भार इतरांवर टाकून चालणार नाही. आता प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा एक स्वतंत्र क्रमांक मिळतो आणि तो घालून ई-कोर्टच्या संकेतस्थळावर पुढची तारीख व झालेले आदेश कोणालाही विनामूल्य पाहता येतात. दावा लावणाऱ्याने हा क्रमांक वकिलाकडून मागून घ्यावा, महिन्यातून एकदा तो पाहावा, आणि स्वतःला जमत नसेल तर घरातील शिकत्या मुलामुलींना पाहावयास सांगावे. दावा निघाल्याचे दिसल्यास त्याच आठवड्यात आदेशाची नक्कल मागवून तीस दिवसांच्या आत अर्ज करावा. वकील करण्याची ऐपत नसल्यास तालुका विधी सेवा समितीकडे जावे. १९८७ च्या कायद्याने स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती व अपंग यांना उत्पन्नाची अट न लावता आणि इतरांना ठरावीक उत्पन्नमर्यादेत विनामूल्य वकील मिळण्याचा हक्क दिलेला आहे. विद्यार्थ्यांना नागरिकशास्त्रात न्यायालयांची उतरंड शिकविली जाते. आपल्या प्रकरणाची तारीख कशी पाहावी, हेही त्यांना शिकविल्यास पुष्कळ घरांचे भले होईल.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगितले जाते. ही म्हण न्यायालयांच्या लौकिकाला शोभणारी नाही, आणि ती खोटी पाडणे हे न्यायालयांच्याच हाती आहे. जो माणूस ही पायरी चढतो, तो आपण हरू शकतो हे जाणून चढतो. आपले म्हणणे ऐकलेच जाणार नाही आणि तसे झाल्याचे आपल्याला कोणी सांगणारही नाही, हे मात्र त्याने पत्करलेले नसते. दावा काढून टाकण्यापूर्वी वादीच्या दारी टपालाचे एक पत्र जावे, एवढी ही मागणी आहे. तीस फार पैसा लागत नाही, नवा कायदाही लागत नाही. उच्च न्यायालयाने ती मनावर घ्यावी.